फॉल्स सीलिंगच्या वरची भिंत कोण तपासतं?

बिनपावती (धागाकर्ता)

मंडळी, इथे इमारतींच्या देखभालीतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. मी एका अकरा मजली ऑफिस इमारतीची देखभाल पाहतो. दरवर्षी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर, अलार्म यांना मिळून चार पानं, आणि अगदी शेवटी एकच ओळ: 'आगरोधक भिंती व अडथळे सुस्थितीत आहेत काय? होय / नाही.' माझ्या आधीच्या गृहस्थांनी सलग सहा वर्षं 'होय'भोवती गोल केलाय. मागल्या वर्षी मीही केला. खोटं कशाला बोलू.

यंदा तिसऱ्या मजल्यावर इलेक्ट्रिकल रूमच्या बाहेरचा दिवा बदलायला शिडी लावली होती. सहज शेजारची टाइल सरकवली आणि टॉर्च मारला. भिंतीतून केबल ट्रे आरपार गेलाय. ट्रेभोवती कधीकाळी लाल सिलंट भरलं होतं, ते आता एका कोपऱ्यातून जिभेसारखं लोंबतंय. बाकीचं भोक मोकळं. त्यातून निळ्या नेटवर्क केबल नंतर कुणीतरी ओढल्यात. टॉर्च बंद केला तर पलीकडच्या खोलीतला उजेड माझ्या हातावर पडत होता!

खालून पाहिलं तर भिंत एकदम चकाचक. रंग, दारावर पाटी, सगळं.

तर प्रश्न असा, की ही तपासणी नीट करायची तर सुरुवात कुठून करायची? काय बघायचं, काय लिहायचं? यासाठी वेगळं बजेट मिळणार नाही हे गृहीत धरा.

---

शिडीवाला

धागा काढल्याबद्दल आभार. हे काम पंधरा वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी शिडी बाजूला ठेवा आणि नकाशे काढा. फायरच्या नकाशावर कुठली भिंत एक तासाची, कुठली दोन तासांची (म्हणजे तेवढा वेळ आग अडवणारी) हे लिहिलेलं असतं. रंगीत पेन घेऊन त्या भिंती गिरवा. इमारत आगीच्या दृष्टीने कप्प्याकप्प्यांची असते आणि तुम्ही गिरवलेली रेघ म्हणजे त्या कप्प्याची हद्द. तपासायची ती ही रेघ. ती धरून चालायचं. भिंत आली, मग दरवाजा, पुन्हा भिंत, डक्ट (एसीच्या हवेची पत्र्याची वाट), शाफ्ट, कोपरा, आणि जिथून निघालो तिथे परत. मध्ये कुठे रेघ तुटली की तिथे नंबर टाका. लोक दरवाजांची यादी वेगळी, डँपरची (आग लागली की डक्ट बंद करणाऱ्या पात्यांची) वेगळी, भोकांची वेगळी करतात आणि दोन याद्यांच्या मधली जागा कुणीच बघत नाही.

नकाशे हरवलेत? (हरवलेलेच असतात.) मग जिने, लिफ्टचा शाफ्ट, इलेक्ट्रिकल रूम, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, सर्व्हिस शाफ्ट (पाइप-केबलचा उभा बोगदा) इथून सुरू करा. आणि स्लॅब विसरू नका. लोकांना भिंतच दिसते. पण दोन मजल्यांमधला स्लॅब हा सगळ्यात मोठा अडथळा, आणि त्यातली भोकं शाफ्टच्या दाराआड असल्यामुळे सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

आता भोकाकडे. प्रत्येक भोकापाशी चार गोष्टी लिहायच्या: आरपार काय गेलंय, भिंत कशाची आहे, भोवतीची फट केवढी आहे, आणि भरलंय काय. ह्या चारही गोष्टी मिळून एक जोडणी होते आणि भट्टीत चाचणी होते ती त्या अख्ख्या जोडणीची. एकट्या सिलंटच्या डब्यावर 'दोन तास' लिहिलंय म्हणून तुमच्या भोकाला दोन तास मिळत नाहीत. काँक्रीटच्या भिंतीत, 20 मिमी फटीत, लोखंडी पाइपाभोवती पास झालेली वस्तू जिप्समच्या भिंतीत प्लॅस्टिक पाइपाभोवती भरली तर ती जोडणी तपासलेलीच नाही.

पाइपाचं कारण समजून घ्या. पीव्हीसीचा पाइप आगीत वितळतो आणि त्याच्या जागी पाइपाएवढंच स्वच्छ गोल भोक उरतं. सिलंट कितीही छान असो, ते त्या भोकाभोवती बांगडीसारखं बसून राहतं. म्हणून तिथे कॉलर लागते. तिच्या आतला पदार्थ साधारण 200 अंशांच्या आसपास फुगायला लागतो आणि मऊ झालेल्या पाइपाचा गळा आवळतो. लोखंडी किंवा तांब्याचा पाइप वितळत नाही, पण उष्णता पलीकडे नेतो. केबलची तिसरीच तऱ्हा: वरचं प्लॅस्टिक जळून गेलं की तेवढी पोकळी होते.

भट्टीतल्या चाचणीचे आकडे एकदा डोक्यात बसवा, म्हणजे 'थोडीशीच फट आहे' हे वाक्य तोंडातून येणार नाही. आयएसओ 834 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या आलेखानुसार 5 मिनिटांत 576 अंश, अर्ध्या तासात 842, तासाभरात 945. आणि तेव्हा भिंतीच्या पलीकडच्या बाजूचं तापमान सरासरी 140 अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये, कुठल्याही एका ठिकाणी 180 पेक्षा जास्त नाही. नाहीतर पलीकडे टेकवून ठेवलेली खोकी ज्वाळा न पोचताच पेट घेतात.

दरवाजे आणि डँपरवर दुसरं कुणी लिहा, माझी बोटं दुखली.

---

शंकासुर

वाचतोय. पण एक भाबडा प्रश्न. स्प्रिंकलर आहेत, अलार्म आहे, मग भिंतीतल्या चार बोटांच्या भोकाचा एवढा बाऊ कशाला?

---

रेघोटी

@शंकासुर, कारण माणसं बहुधा धुराने मरतात आणि धुराला चार बोटं पुष्कळ झाली.

21 नोव्हेंबर 1980, लास व्हेगासमधलं एमजीएम ग्रँड हॉटेल. आग लागली तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये, पसरली तळमजल्यावरच्या कसिनोत. 85 माणसं गेली आणि त्यातली बरीचशी वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांमध्ये, जिन्यांत आणि लॉबीत. तिथवर ज्वाळा पोचल्याच नव्हत्या. धूर गेला लिफ्टच्या शाफ्टमधून, जिन्यांतून आणि भूकंपासाठी सोडलेल्या सांध्यांमधून. जिथे आग लागली त्या भागात स्प्रिंकलर नव्हते हेही खरं, म्हणून मी 'स्प्रिंकलर नको' असं म्हणत नाहीये. दोन्ही लागतात. पण स्प्रिंकलरला पाणी लागतं, पंप लागतो, उघडा व्हॉल्व्ह लागतो. भिंतीला ती शाबूत असण्यापलीकडे काही लागत नाही.

मी आर्किटेक्ट आहे, त्यामुळे आमच्या जमातीचं पाप सांगते. भिंत फॉल्स सीलिंगपाशीच थांबलेली असते. नकाशात 'स्लॅब ते स्लॅब' लिहिलेलं, साइटवर मात्र सीलिंगच्या चार इंच वर जाऊन संपली, वर अख्खा मोकळा पट्टा. दोन खोल्यांमध्ये दोन तासांचं दार आणि त्याच्या डोक्यावर तीन फूट वारा. हे भोकात मोजतच नाहीत, कारण ते भोक वाटतच नाही. टाइल उघडल्यावर आधी वर बघा, मग समोर.

भिंत स्लॅबपर्यंत गेली असेल तर तिचा माथा बघा. वजनाने स्लॅब किंचित खाली-वर होतो, म्हणून तिथे हलू शकणारा सांधा ठेवतात. त्यात कुणी कडक प्लास्टर भरलं असेल तर वर्षा-दोन वर्षांत केसासारखी चीर पडते आणि मग ती वाढते.

आणि इमारत जुनी असेल तर एक सूचना. पाइपावरचं, तुळईवरचं किंवा भोकातलं राखाडी, तंतुमय काहीही खरवडू नका. अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी नमुना तपासून घ्या.

---

जुना_जाणता

शंकासुरांसाठी अजून एक, 22 मार्च 1975 ची. अमेरिकेतल्या अलाबामात ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्र आहे. केबल जिथून भिंतीपार जातात तिथे हवा गळते का हे दोन कामगार तपासत होते. कशाने? मेणबत्तीने. ज्योत हलली की गळती आहे. पलीकडच्या खोलीत हवेचा दाब कमी होता, ज्योत आत ओढली गेली आणि फट बुजवायला भरलेल्या पॉलियुरेथेन फोमनेच पेट घेतला. सुमारे सात तास आग, 1600 हून जास्त केबल निकामी. त्यानंतर तिथल्या अणुकेंद्रांच्या आगीसंबंधीच्या नियमांत मोठे बदल झाले.

म्हणजे अडथळा तपासतानाच अडथळ्याला आग लागली, आणि तो पेटणाऱ्या वस्तूचा होता.

---

शिडीवाला

@जुना_जाणता, अगदी हेच लिहायचं राहिलं होतं. पीयू फोम! प्रत्येक साइटवर तो गुलाबी फोम. 'साहेब, गुलाबी आहे म्हणजे फायरचा.' अहो, रंगाने काही होत नाही. डब्यावर 'फायर रेटेड' लिहिलेले फोमही बहुतेक करून अरुंद, सरळ सांध्यांसाठी तपासलेले असतात. केबलच्या जुडग्याभोवती बादलीभर फोम फुगवला की तो त्याच्या चाचणीत नव्हता. भोकात फोम दिसला की लाल शेरा, मग कागद दाखवा आणि शेरा काढून घ्या.

दुसरं, सिलंटच्या मागे काय आहे ते बघा. वरून सुंदर गुळगुळीत थर आणि मागे पोकळ, किंवा सिमेंटच्या पिशव्या, चिंध्या, वर्तमानपत्राचे बोळे. बोट दाबलं की आत जातं. रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) ठरलेल्या घनतेने ठासून भरलेलं हवं आणि सिलंटचा थर ठरलेल्या जाडीचा हवा. काही ठिकाणी रॉकवूलच्या जागी काचवूल कोंबलेलं सापडतं. दिसायला भाऊ-भाऊ, पण काचवूल साधारण 600 अंशांच्या पुढे मऊ पडून गोळा होतं. वरचा आलेख आठवा. तेवढं तापमान पाच-सात मिनिटांतच येतं.

सगळी भोकं फोडून बघता येत नाहीत. मी दर मजल्यावर काही निवडतो, मालकाची लेखी परवानगी घेतो, कापून बघतो आणि त्याच दिवशी बुजवून घेतो. एक पोकळ निघालं की त्याच टोळीने केलेली बाकीचीही संशयित.

---

केबलकरी

आता आमचीही बाजू ऐका, कारण तुमच्या भोकातल्या निळ्या केबल ओढणारा माणूस म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी.

आम्हाला काम येतं असं: 'चौथ्या मजल्यावर बारा पॉइंट, सोमवारी सकाळी माणसं बसणार.' शुक्रवारी रात्री चावी मिळते. भिंत दोन तासांची आहे की नुसतं पार्टिशन आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. टेंडरमध्ये 'भोक पाडणे' असतं, 'भोक बुजवणे' नसतं. मागे एका साइटवर मी स्वतःहून विचारलं की हे बंद कशाने करायचं, तर सुपरवायझर म्हणाला, 'सीलिंगच्या वर आहे ना? कोण बघतंय?' पुढच्या वर्षी त्यांच्या तपासणीत ते भोक निघालं आणि आमचं बिल अडकलं. मला त्या दिवशी फार लागलं.

दोन गोष्टी केल्यात तर आमच्यासारखे लोक भिंत फोडणार नाहीत. एक, सीलिंगच्या वर भिंतीवरच मोठ्या अक्षरात रंगवून ठेवा: 'आगरोधक भिंत, 2 तास, भोक पाडण्याआधी परवाना घ्या.' खाली सुंदर पाटी लावून काय उपयोग, आम्ही वर असतो. दोन, जिथे केबल वाढणारच आहेत तिथे कडक मसाला भरू नका. फायरच्या उशा किंवा विटा मिळतात, त्या काढून केबल ओढायची आणि परत रचायच्या. सिमेंटसारखं भरलं तर पुढचा माणूस छिन्नी घेऊनच येणार.

---

बिनपावती

@केबलकरी, पटलं. आमच्याकडे परवान्याची पद्धतच नाही. वेल्डिंगला आहे, भोकाला नाही.

---

शिडीवाला

केबलकरींना शंभर टक्के अनुमोदन. शेवटचा हप्ता बुजवलेल्या भोकाचा फोटो आल्यावरच द्यायचा, भिंतीच्या दोन्ही बाजूंचा. एका बाजूने भरून फोटो काढणारे महाभाग पाहिलेत. आणि बुजवण्याचे पैसे कामात आधीच धरा, नाहीतर पहिला नियमही कागदावरच राहतो.

---

कडीकोयंडा

दरवाजांचं मी लिहिते. इस्पितळात सुरक्षेचं काम पाहते, रोज दारंच बघते.

दार बघताना आधी लेबल शोधा, बिजागरीच्या बाजूच्या कडेला किंवा वरच्या कडेला असतं. बहुतेक वेळा रंगाऱ्याने त्यावरून ब्रश फिरवलेला असतो. मग फट. दाराची फळी आणि चौकट यांच्यात सगळीकडे साधारण 3 मिमी. मी 3 मिमी जाडीची पट्टी खिशात ठेवते आणि चौकटीभर फिरवते. एनएफपीए 80 या अमेरिकन मानकात खालची फट जास्तीत जास्त 19 मिमी चालते. धूर अडवणारं दार असेल तर खालीही सील लागतं. कडेच्या खाचेत उष्णतेने फुगणारी पट्टी असते, ती तुटलेली आहे का, मध्येच गायब आहे का ते बघा. बिजागऱ्यांचे स्क्रू मोजा. चारच्या जागी दोन सापडतील. जुनं कुलूप काढून नवं लावलं असेल तर जुन्या भोकाचं काय केलं ते बघा.

आता खरी परीक्षा. दार पूर्ण उघडा आणि सोडा. मग दोन-तीन बोटं उघडं ठेवून सोडा. दोन्ही वेळा स्वतःहून लागून खिट्टी चौकटीत पडली पाहिजे, धक्का न देता. आणि हे एसी चालू असताना करा. रविवारी बंद इमारतीत माझी सगळी दारं पास झाली होती. सोमवारी सकाळी जिन्याचं दार हवेच्या दाबाने दोन बोटं उघडंच राहत होतं, फळीच्या कडेवर खिट्टी घासल्याची चकचकीत रेघ पडली होती. ती रेघ रविवारीही तिथेच होती, मीच पाहिली नव्हती.

ग्रेनफेल टॉवर आठवतोय ना, 14 जून 2017, लंडन, 72 बळी. चर्चा सगळी बाहेरच्या क्लॅडिंगची झाली, ती व्हायलाच हवी. पण चौकशीच्या पहिल्या अहवालात फ्लॅटच्या दारांचाही मुद्दा आहे. काही दारांचे क्लोजर (दार आपोआप लावणारे) नव्हते किंवा चालत नव्हते, माणसं जीव वाचवून पळाली, दारं मागे उघडी राहिली आणि धूर लॉबीत भरला. आता इंग्लंडमध्ये 11 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत सामायिक जागेतली दारं दर तीन महिन्यांनी आणि फ्लॅटची वर्षातून एकदा तपासायचा नियम आहे, जानेवारी 2023 पासून.

दाराला लाकडी पाचर लावणाऱ्यांवर मी आता चिडत नाही. पाचर दिसली की विचारते, हे दार दिवसातून किती वेळा उघडावं लागतं? दोनशे वेळा ट्रॉली जात असेल तर लोक पाचर लावणारच. तिथे अलार्म वाजला की सुटणारा चुंबक बसवून घ्या.

---

डक्टमास्तर

डँपरबद्दल थोडक्यात. फायर डँपर भिंतीच्या जाडीत बसलेला हवा. भिंतीपासून हातभर लांब डक्टमध्ये लटकत असेल तर भिंत आणि डँपर यांच्यातला पत्रा तापून पडतो आणि भिंतीला डक्टएवढं भोक. आधी तो उघडायला झडप आहे का बघा. नसेल तर तो कधीच तपासला गेलेला नाही, एवढं तिथेच कळलं.

आत वितळणारी कडी असते, साधारण 72 अंशांची. पाती मोकळी आहेत का, रुळावर कचरा आहे का, कडीवर रंग बसलाय का ते बघायचं. एकदा मला कडीच्या जागी बांधकामाची तार सापडली होती. कडी तुटली असणार, डँपर पडला, हवा बंद झाली, तक्रार आली आणि कुणीतरी तारेने बांधून मोकळा झाला. तो डँपर जन्मात पडला नसता.

चाचणीला पंखा बंद करून कडी सोडवा, पाती पूर्ण बंद होतात का बघा, परत लावा. बोटं सांभाळा, स्प्रिंगचा असेल तर गंमत नाही. अमेरिकन पद्धतीत बसवल्यावर वर्षाने, मग दर चार वर्षांनी, इस्पितळात सहा.

---

बिनपावती

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. एक मजला पूर्ण केला, तिसरा. दोघं जण, संध्याकाळी सहानंतर, नऊ संध्याकाळी. साहित्य: शिडी, टॉर्च, छोटा आरसा, मोबाईल, 3 मिमीची पट्टी, मार्कर.

रेघ धरून चाललो. नंबर पडले 41. त्यातली 14 ठीक. 11 मध्ये सिलंट होतं पण नंतर केबल ओढल्यामुळे फुटलेलं. 9 कधी भरलीच नव्हती. 4 मध्ये फोम. दोन पीव्हीसी पाइप, कॉलर नाही. आणि शेवटचं ते रेघोटीताईंचं: लिफ्ट लॉबीच्या बाजूला भिंतीचा माथाच नाही, साडेचार मीटर लांब. टाइल उघडल्यावर आधी वर बघितलं म्हणून दिसलं.

दारं सात, एसी चालू ठेवून. चार नापास.

फॉर्मवर 'नाही'भोवती गोल केला आणि यादी जोडली. वरून फोन आला की सहा वर्षं होय होतं, यंदा काय झालं? म्हटलं, काही झालं नाही, बघितलं. दुरुस्तीला निम्मे पैसे मिळाले. जिना आणि लिफ्ट लॉबी आधी घेतोय. भोकाचा परवाना या महिन्यापासून सुरू, आणि सीलिंगच्या वर भिंतीवर अक्षरं रंगवली, केबलकरी.

---

केबलकरी

वा! अक्षरांचा फोटो टाका.

---

शिडीवाला

झकास काम. 'ठीक' म्हटलेल्या 14 पैकी 23 नंबरचा फोटो परत पाहिला. सिलंट मध्यभागी किंचित आत बसलंय, उथळ बशीसारखं. मागे आधार नसला की असं होतं. कापून बघा.

---

बिनपावती

कापलं. कागदच. घडी करून कोंबलेलं अख्खं पान.

---

शंकासुर

कुठल्या वर्षाचं?

---

बिनपावती

तारखेचा कोपरा फाटलाय. पण मागच्या बाजूला शब्दकोडं आहे, अर्धं सोडवलेलं.